सोळा वेढ्यांची नळी

ती घटना आठवू लागली की आजही माणसांच्या आधी रॉकेलचा वास येतो. त्या प्रकरणात सगळ्यात मोठा पुरावा वासाचाच होता. तो पहिल्या दिवसापासून माझ्या नाकाखाली होता आणि मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

मी तेव्हा नवा फौजदार होतो. नवी मुंबई हे नाव कोणाच्या डोक्यातही नव्हते. खाडीच्या या काठाला मिठागरे, भातशेती आणि कोळ्या-आगऱ्यांची गावे होती. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची पहिली कुंपणे उठत होती. आमच्या पोलीस ठाण्यात दोन खोल्या, एक कोठडी, एक मुद्देमालाची खोली आणि पुढे कौलारू ओसरी एवढाच पसारा होता. मागच्या अंगाला माझे क्वार्टर होते. लग्नाला वर्ष झाले होते. पत्नी ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेली, आणि बदलीच्या सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या पाहून तक्रार न करणारी अशी होती.

दारूबंदीचा काळ होता. आमच्या स्टेशन डायरीतल्या दहा नोंदींपैकी आठ हातभट्टीच्या असत. तिवरांच्या आड, मिठागराच्या बांधावर, झावळ्यांच्या पडक्या झापात कुठेही भट्टी लागे. छापा घालायचा, सडवलेले रसायन ओतून द्यायचे, पिंप आणि नळी कुऱ्हाडीने फोडायची, नमुन्याची बाटली सील करायची आणि पंचनामा लिहायचा. हे काम माझ्या हवालदाराला डोळे मिटून येत असे. तो सातारच्या बाजूचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. बारा वर्षे तो भट्ट्या फोडत आला होता.

एके दिवशी टपालाने निनावी अर्ज आला. अक्षर वळणदार होते. तळवलीजवळ मिठागराच्या कडेला अमुक इसमाने शेडमध्ये दारू गाळण्याचे यंत्र बसवले आहे, असे त्यात होते. पुढे लिहिले होते, ‘तांब्याची नळी आहे, पाव इंची, सोळा वेढ्यांची. तीन दिवसांच्या आत छापा घालावा, नपेक्षा माल हलविला जाईल.’ खाली सही म्हणून ‘एक हितचिंतक’.

मी अर्ज हवालदाराला वाचून दाखवला.

“तांब्याची नळी म्हंजी भट्टीच की, साहेब,” तो म्हणाला. “दुसरं काय? तांब्याच्या नळीतनं काय गंगा येतीय व्हय?”

त्या काळात आम्हा पोलिसांची दृष्टीच तशी झाली होती. तांब्याची वेढे दिलेली नळी कुठेही दिसली की पुढचा पंचनामा मनात आपोआप तयार होई.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोन पंच घेऊन निघालो. ओहोटी होती. बांधावरून चालत शेडपाशी गेलो. आत लाकडी ओंडक्यांवर एक जुने लॉरीचे इंजिन बसवलेले होते. त्याच्या धूर सोडणाऱ्या पाइपाभोवती तांब्याची नळी गुंडाळली होती आणि बाजूला दोन पत्र्याचे डबे होते. हवालदाराने इंजिनाकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि नळीकडे बोट दाखवून म्हणाला, “बघा.” त्याने कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात घराकडून एक माणूस धावत आला. चाळिशीचा, सडपातळ, अंगात बनियन, तोंडात दात घासायची राखुंडी. तो सरळ आत घुसला आणि नळीवर आडवा पडला.

“सायेब, मारायचं तर मना मारा. तिला हात लावू नका!”

मागोमाग त्याची बायको आली. तिने पदर खोचला आणि थेट हवालदारासमोर उभी राहिली.

“ओ हवालदार, नाक घरी ठेवून आलाव कं? रॉकेलचा वास येत नाय तुमाला? दारूचा एक थेंब दाखवा, मी सवता तुमच्याबरोबर जेलात येतंय!”

“दारूचा वास मारायला रॉकेल वतत्यात, बाई,” हवालदार म्हणाला. “आमाला शिकवू नगा.”

त्या सकाळी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. ती मी पंचनाम्यात लिहिलीसुद्धा, पण तिचा विचार केला नाही. पोलीस दिसले की भट्टीवाला पळतो. तिवरात शिरतो, पाण्यात उडी टाकतो, पण पळतो. हा माणूस उलटा, पोलिसांच्या दिशेने धावत आला होता. मी फक्त एवढे केले की कुऱ्हाड थांबवली. नळी न फोडता, आहे तशी सोडवून जप्त करा, असे सांगितले. यात माझी हुशारी नव्हती. माणूस नळीवर पडलेला असताना कुऱ्हाड चालवणे बरे दिसले नसते, इतकेच.

नळी, तिला जोडलेली एक पितळी झडप आणि डब्यातल्या द्रवाचे नमुने सील करून आम्ही त्याला घेऊन आलो. नावे सांगायची नाहीत असे ठरवले आहे म्हणून त्याला मी मिस्त्री म्हणतो. गावही त्याला तेच म्हणत असे.

मिस्त्रीचा जबाब मी स्वतः घेतला. लढाईच्या काळात तो एका विमानतळावर फिटर होता. विमानांची इंजिने उघडायची, धुवायची, जोडायची हे काम त्याने चार वर्षे केले होते. नंतर कळंबोलीच्या बाजूला एका गॅरेजात राहिला आणि मग गावी परतला. खाडीतून मीठ आणि भात वाहणाऱ्या मचव्यांना लोक आता जुनी मोटारीची इंजिने बसवत होते. पेट्रोल परवडत नव्हते. रॉकेल परवडे, पण थंड इंजिन रॉकेलवर चालत नाही.

“म्हनून आदी पेट्रोलवर चालू करायचा,” मिस्त्री टेबलावर बोटाने रेघा काढत सांगू लागला. “धुराचा पाइप तापला का त्याच्यावरच्या नळीत रॉकेलची वाफ व्हते. मंग पेट्रोल बंद. पन आमचे लोक घाई करतात, सायेब. नळी तापायच्या आदीच रॉकेलचा कॉक फिरवतात. मंग काला धूर, आनि इंजन बंद. खाडीच्या मदी, भरतीच्या तोंडाला! म्हनून मी ही झडप केली. आत दोन धातूंची पट्टी हाय, पितळ आनि पोलाद. तापली का वाकते, वाकली का झडप उघडते. मानसाच्या हातात कायच ठेवला नाय.”

“हे तू कुठे शिकलास?”

“इमानात. तितं तेल तापल्याबिगर काय काय झडपा उघडतच नाय.”

मग त्याने खरी अडचण सांगितली. या झडपेच्या पेटंटसाठी त्याने कलकत्त्याला अर्ज केला होता. पहिला कागद स्वीकारला गेला होता. आता पूर्ण मापे आणि नकाशे पाठवायचे होते आणि मुदतीला अकरा दिवस उरले होते. त्यातले दोन तरी टपालात जाणार.

“मग पाठव नकाशे,” मी म्हणालो.

“नकाशे कुठं हायेत? मी हातान बनवलाय. सगली मापं तिच्यातच हायेत,” त्याने मुद्देमालाच्या खोलीकडे बोट केले. “आनि ती तितं बंद.”

मी सारे लिहून घेतले आणि त्यातले फारसे काही मानले नाही. हातभट्टीवाल्यांच्या तोंडून मी याहून सुरस कहाण्या ऐकल्या होत्या. नमुने मुंबईला तपासणीसाठी गेले. अहवालाला महिना लागणार होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री जामिनावर सुटला, पण घरी गेला नाही. ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. त्याची बायको तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन आली आणि जाताना माझ्या टेबलाकडे पाहत मोठ्याने म्हणाली, “बसा, बसा. सायबाचं नाक येईल कदी तरी घरून.”

दुपारी चहाला घरी गेलो. पत्नी स्टोव्ह पेटवत होती. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट जळत होते आणि ती हात गुडघ्यावर ठेवून वाट पाहत होती. मी तिला मिस्त्रीची हकीकत गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही.

“अहो, म्हणजे हा स्टोव्हच झाला की,” ती म्हणाली.

“कसा?”

“आत्ता मी पंप मारला तर काय होईल?”

“भडका उडेल. पिवळा जाळ, काजळी.”

“का?”

रोज चहा पिणाऱ्या माणसाला ते माहीत असायला हवे होते.

“बर्नर तापला नाही म्हणून. तापला की रॉकेलची वाफ होते आणि मग निळी ज्योत लागते. तुमच्या मिस्त्रीने नळीत तेच केलंय. आणि झडप म्हणजे घाईने पंप मारणाऱ्या बाईचा हात धरून ठेवायची युक्ती. शिकलेल्या बायकासुद्धा घाई करतात हो, तुमचे मचवेवाले करतील त्यात नवल काय?” तिने स्टोव्हकडे पाहिले. “आता तापला.” मग पंप मारला. स्वच्छ निळी ज्योत उभी राहिली.

मी उठलो.

“चहा?”

“आल्यावर घेतो.”

ठाण्यात येऊन तो निनावी अर्ज पुन्हा काढला आणि या वेळी पुस्तक वाचावे तसा सावकाश वाचला. मग हवालदाराला विचारले, “हवालदार, भट्टीची खबर देणारा माणूस पहिल्यांदा काय सांगतो?”

“वास, साहेब,” तो लगेच म्हणाला. “रसायनाचा वास कुणाला चुकत न्हाई. ‘वासानं डोस्कं फिरायला लागलंय’ म्हनत्यात. मग जागा सांगत्यात, मग मानूस.”

“या अर्जात वास आहे का बघ.”

त्याने अर्ज उलटून पालटून पाहिला. “न्हाई.”

“आणि वेढे किती आहेत, हे कोणी सांगतं?”

हवालदाराने अर्ज खाली ठेवला. “बारा वर्षांत कुनी वेढं मोजल्यालं न्हाईत, साहेब. भट्टीवाल्यानंबी.” मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. “मोजनारा मानूस दारूवाला न्हाई. कारागीर हाय.”

मी पायरीवरच्या मिस्त्रीला आत बोलावून विचारले की हे यंत्र जवळून कोणी पाहिले आहे. तो चटकन म्हणाला, “कोनी नाय. एक शेठ सोडून.” शेठ म्हणजे त्याचा जुना गॅरेजमालक. तो तीनदा येऊन गेला होता. भागीदारी मागत होता, मिस्त्रीने नाही म्हटले. कलकत्त्याच्या मुदतीबद्दलही मिस्त्रीनेच त्याला भाबडेपणाने सांगितले होते.

मी लगेच शेठला बोलावून घेतले आणि तिथे दुसरी चूक केली. तो खुर्चीवर बसतो न बसतो तोच अर्ज त्याच्यापुढे टाकला आणि विचारले, “हा तुम्ही लिहिलात?”

शेठ गोरटेला, गुबगुबीत आणि गोड बोलणारा होता. “साहेब, मी ग्रीसात हात घालणारा माणूस. मला लिहायला सवड कुठली?”

“मिस्त्रीचे यंत्र तुम्ही पाहिले आहे का?”

“नाही बा. त्याच्या शेडकडे मी फिरकलोसुद्धा नाही.”

तो हसत निघून गेला. घरी हे सांगितले तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, “तापायच्या आधीच पंप मारलात.”

दोन दिवस मी काहीच केले नाही. मिस्त्री पायरीवर बसून दिवस मोजत होता आणि मला ते पाहवत नव्हते, तरी केले नाही. शेठला वाटू दिले की प्रकरण थंड पडले. तिसऱ्या दिवशी सरकारी मोटार तपासनीस नळी पाहायला यायचा होता, म्हणून ती पंचांसमक्ष बाहेर काढून टेबलावर ठेवली होती. शेठला त्याच वेळी त्याच्या एका लॉरीच्या कागदांसाठी बोलावले. कागद खरेच तपासले. पावसापाण्याच्या, टायरच्या गप्पा झाल्या. शेठ मोकळा झाला. नळीकडे तो पाहत नव्हता. इतका कटाक्षाने पाहत नव्हता की ते माझ्या लक्षात आले.

हवालदार चहाची गरम किटली घेऊन आला. टेबलावर कागद पसरलेले होते. त्याने इकडे तिकडे पाहिले आणि किटली नळीच्या वेढ्यांवर टेकवली. मुद्देमालावर किटली ठेवणे कुठल्याच नियमात बसत नाही. ती त्याने मुद्दाम ठेवली की सहज, हे मी त्याला तो निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो आणि तो दर वेळी फक्त मिशीत हसला.

“अहो, अहो हवालदार!” शेठ खुर्चीतून अर्धा उठला. “तिथं नको! वेढा दबला की वाफ अडेल ना!”

किटलीतून वाफ येत होती.

“कसली वाफ, शेठ?” मी विचारले.

“म्हणजे... दारूची.”

“दारूची वाफ अडली तर तुम्हाला इतके वाईट का वाटावे?”

शेठने किटली स्वतःच्या हाताने उचलली, बाजूला ठेवली आणि रुमालाने नळी पुसली. मग खाली बसला. माझ्या नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले, पण असा दुसरा ऐकला नाही.

“पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय, साहेब,” तो म्हणाला. “माझ्या हातून असली वस्तू कधी झाली नाही. आणि हा माणूस माझ्याकडे नट आवळायला होता! एकदा पाहिली ती नळी, तेव्हापासून चैन नाही. वाटलं, तुमच्याकडे महिनाभर अडकली की त्याची मुदत जाईल. मग माझ्या नावानं अर्ज करीन. वेढेबिढे मोजून ठेवले होते.”

“फोडली असती तर?”

“ते मनात आलं नव्हतं,” तो म्हणाला आणि रुमाल तोंडाला लावला. “देवाशपथ, आलं नव्हतं.”

खोटी खबर दिल्याबद्दल पुढे त्याच्यावर खटला झाला आणि त्याला शिक्षा म्हणून दंड झाला. पण मिस्त्रीची अडचण तशीच होती. अहवाल येईपर्यंत मुद्देमाल सोडता येत नव्हता आणि आता सहा दिवस उरले होते. मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे अर्ज केला की, आरोपीला ठाण्यातच, माझ्या देखरेखीखाली, वस्तूची मापे घेऊ द्यावीत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“फौजदार, दारूच्या भट्टीची मापे घेऊ द्या, असा अर्ज माझ्यापुढे पहिल्यांदाच आला आहे,” ते म्हणाले. “वस्तू ठाण्याबाहेर जाता कामा नये. मापे बाहेर गेली तर माझी हरकत नाही.”

मिस्त्री कॅलिपर घेऊन ओसरीवर बसला. तो माप सांगे, हवालदार ते मोठ्याने पुन्हा म्हणे, मी लिहून घेई. हवालदाराला या कामाचा इतका नाद लागला की वेढे त्याने स्वतः तीनदा मोजले. “सोळाच हायेत,” तो दर वेळी समाधानाने सांगे. लिहिलेले कागद घेऊन मी मागे क्वार्टरवर जात असे. तिथे जेवणाच्या पाटावर ट्रेसिंग कागद ताणून पत्नी काळ्या शाईने नकाशे काढत होती. काही अडले तर ती चिठ्ठी पाठवी, ‘पट्टी कोणत्या बाजूला वाकते? पितळ आत की बाहेर?’ चिठ्ठी वाचली की मिस्त्रीचा चेहरा उजळे. “सायेब,” तो एकदा म्हणाला, “इतक्या दिसांत हा सवाल मना कोनी इचारला नव्हता.”

तिने तीन दिवसांत चार नकाशे पुरे केले. एकाही ठिकाणी शाई पसरली नव्हती. इंग्रजी मजकूर मी लिहिला. पनवेलच्या पोस्टातून पाकीट रजिस्टर झाले तेव्हा ते पोहोचून मुदतीला एक दिवस शिल्लक राहील असा हिशेब होता. पाकीट मुदतीत पोहोचले. नमुन्यांचा अहवालही पुढे आला. त्यात एका ओळीत लिहिले होते की द्रव रॉकेल आहे. प्रकरण मिटले आणि नळी परत गेली.

वर्षभराने कलकत्त्याचा कागद आला. मिस्त्री आणि त्याची बायको तो दाखवायला आले. बायकोच्या पाटीत एक मोठा जिताडा होता. मी म्हणालो, मला हा घेता येणार नाही.

“घ्या सायेब. आता तरी वास येतो ना नीट?” तिने विचारले.

पत्नी आतून बाहेर आली. “मासा परत न्या,” ती म्हणाली. “आणि चांगला करा. रविवारी आम्हीच जेवायला येतो.”

त्या झडपेने मिस्त्री श्रीमंत झाला नाही. काही वर्षे उरणपर्यंतच्या मचव्यांवर ती दिसत होती, मग डिझेलची इंजिने आली. पण त्याचे स्वतःचे वर्कशॉप झाले आणि त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत शेठ होता. त्याने दोन झडपा घेतल्या. मिस्त्रीने त्या दिल्यासुद्धा. मिस्त्रीच्या आणि आमच्या घराचे जाणे-येणे मात्र कायम राहिले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नंतर तरुण अधिकारी विचारत. मी सांगत असे की वस्तू दिसली की तिचे नाव ठरवण्याआधी ती कशासाठी आहे ते विचारा, आणि माणूस कोणत्या दिशेने धावतो ते पाहा. चौकशीबद्दल मात्र पत्नीचेच वाक्य सांगत असे. समोरचा माणूस तापायच्या आधी पंप मारला तर नुसती काजळी हाती लागते. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, कोणाला समोर बसवले की मी आधी थोडा वेळ गप्प बसत असे. लोकांना तो माझा स्वभाव वाटला.

पत्नी गेल्या वर्षी गेली. दिवसकार्य झाल्यावर मिस्त्री भेटायला आला. आता त्याला काठी लागते. मी त्याला खुर्ची पुढे केली. मग त्याला फळीवर तिचा जुना स्टोव्ह दिसला. त्याने तो खाली काढायला लावला, जमिनीवर बसून उघडला, बर्नरचे छिद्र पिनेने साफ केले, वॉशर बदलला. दुसऱ्या दिवशी आपल्या सुनेच्या हाती बाटलीभर रॉकेल पाठवले आणि पाठोपाठ स्वतः आला.

“लावा, सायेब.”

मी वाटीत स्पिरिट घातले आणि काडी लावली. हात सवयीने पंपाकडे गेला आणि थांबला. आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. स्पिरिट जळत राहिले, कमी होत गेले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पंप मारला. ज्योत निळी लागली. त्यावर मी दोघांसाठी चहा ठेवला.